वाकळेचा हिशेब

सर्वपित्री अमावस्येच्या आधीचे तीन-चार दिवस आमच्या देऊळगाव राजात पूर्वी माणसांपेक्षा वाकळाच जास्त दिसायच्या. घट बसण्याआधी घरातले एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, असा शिरस्ता होता. पावसाळ्यात दमटलेल्या, कुबट वासाच्या वाकळांची गाठोडी डोक्यावर घेऊन बायका आमना नदीवर निघत. भिजलेली वाकळ एकटीच्याने उचलत नाही, मग पिळणे तर दूरच. एकीने हे टोक धरायचे, दुसरीने ते, आणि दोघींनी उलट्या दिशांना पीळ घालायचा. ज्या सासूसुनांमध्ये आठ-आठ दिवस बोलणे नसे, त्यांनाही त्या दिवशी समोरासमोर उभे राहून एकमेकींकडे बघावे लागे. नदीकाठच्या खडकांवर, काटेरी कुंपणांवर, घरांच्या माळवदांवर वाकळा वाळत पडत. आश्विनातले आमच्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर दुपारपर्यंत त्या कडकडीत होत, हे वेगळे सांगायला नको. रात्री त्यांत शिरले की उन्हाचा वास येई.

आता आमनेला पाणी असेलच असा भरवसा नाही, आणि माळवदे जाऊन स्लॅब आले. पण आश्विन आला की मला गाव आधी दिसते ते तसे, रंगीबेरंगी ठिगळांचे.

आमच्या गावाचा आश्विन तसा बालाजीचा. सिंदखेडच्या जाधवरावांच्या घराण्याने वसवलेले हे गाव आणि त्यांनीच मानलेला हा देव. लोक त्याला प्रतितिरुपती म्हणतात. आश्विनात यात्रा भरते, सागाच्या उंच लाटा दोरखंड ओढून हातांनी उभ्या केल्या जातात आणि लाटा मंडपाचा उत्सव होतो. तो सोहळा बघायला माणूस कुठून कुठून येतो. घराघरांत पाहुणे असत. आणि पाहुणे म्हटले की पहिला प्रश्न जेवणाचा नव्हे, अंथरुणाचा. भाकरी ऐनवेळी वाढवता येते, वाकळ कशी वाढवणार? म्हणून ज्या घरात वाकळांची घडवंची उंच, ते घर मोठे, अशी साधी मोजणी होती. सोयरीक जुळवायला आलेली जाणती माणसे बोलता बोलता घडवंचीकडे एक नजर टाकून घेत.

त्याच महिन्यात संध्याकाळी मुलींची भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजींची जोडी बसायची ती कोजागरीपर्यंत, भोवती ज्वारीच्या धांड्यांचा मखर. माझी ताई धांडे सोलून त्याच्या गराचे बैल, गाडी, खुर्ची असे काय काय करी. खिरापत ओळखायच्या खेळात मी मुलगा म्हणून बाहेर, पण खाण्यात आत. हे सगळे हातचे होते. आकाशकंदील हातचा, बुरुडाकडून आणलेल्या कामट्या आणि कणकेची खळ, फुलवाती हातच्या, दिवाळीत अंगणात मांडायच्या शेणाच्या गवळणी हातच्या. ‘हस्तकला’ हा शब्द मात्र आम्ही शाळेच्या वेळापत्रकात पहिल्यांदा वाचला. त्या तासाला गुरुजी आम्हाला कागदाची होडी करायला लावत, जी आम्हाला आधीपासून येत होती.

कोजागरी झाली की खरे काम निघे. शेतात कापूस फुटलेला असे. पहिल्या वेचणीला सीतादही करून बायका ओटीत कापूस घेत. पहाटे थंडी लागू लागे. आणि दुपारची जेवणे आटोपली की माय पेटीतून वर्षभर साठवलेली जुनी लुगडी काढून ओसरीवर बसे.

वाकळ कशी शिवतात हे मी हजारदा पाहिले आहे, असे मला परवापरवापर्यंत वाटत होते. आधी जमीन सारवून कोरडी करायची. सगळ्यांत चांगले उरलेले लुगडे तळाला, त्याच्या चारी कोपऱ्यांवर वरवंटा, उखळाचा दगड, पायलीचे माप असे काहीतरी वजन. मधल्या थरांना धोतरे, पंचे, उशीचे अभ्रे, ज्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही असे सगळे कापड. वरचा थर म्हणजे हौस: लुगड्याचे काठ, ताईच्या परकराचा तुकडा, कोणाच्या तरी लग्नातल्या खणाची चौकट. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर एकत्र बांधायचे, आणि मोठी सुई घेऊन कडेने सुरुवात. एक घेर पूर्ण झाला की त्याच्या आत अर्ध्या इंचावर दुसरा, त्याच्या आत तिसरा. असे फिरत फिरत मध्याकडे यायचे. नुसता धावता टाका, त्यात कसली करामत नाही. पण सुई पाच-सहा थरांतून आरपार गेली पाहिजे आणि खालचे कापड चुणता कामा नये. जुने कापडच का, असे एकदा विचारले तर माय म्हणाली, “नव्याले सुई लागत नाही अन् अंगाले ऊब लागत नाही.” हे शब्दशः खरे आहे. शंभर वेळा धुतलेले सुती कापड मऊ आणि सैल होते, सुई त्यातून लोण्यातून गेल्यासारखी जाते, आणि थरांमध्ये हवा धरून राहते.

मध्यावर पोचल्यावर शेवटची वीतभर जागा शिवण्याआधी ती आत पोळीचा सुपारीएवढा वाळलेला तुकडा ठेवी. उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये, असे तिचे म्हणणे.

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. त्या आश्विनात मायची पेटी रिकामी होती. जुने कापडच निघेना, कारण फाटके होते तेच अंगावर होते. दुष्काळ म्हणजे काय याच्या पुष्कळ व्याख्या पुढे बँकेच्या परिपत्रकांत वाचल्या; माझी व्याख्या ती रिकामी पेटी आहे.

बँकेत मी १९८१ साली कारकून म्हणून लागलो आणि २०१९ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांत ग्रामीण स्त्रीच्या कष्टांवर पानेच्या पाने आहेत आणि त्यांबद्दल माझे सत्कारही झाले. म्हणून आता जे सांगतो ते सांगायला थोडा संकोच वाटतो.

१९८७ सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका खेड्यात आमची शाखा होती. त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान. उद्दिष्ट वरून यायचे, मार्चच्या आत संपवायचे. आश्विनातच एक बाई अर्ज घेऊन आली. चाळिशीची, विधवा. तिला आणि तिच्या गल्लीतल्या चौघींना वाकळा शिवून आठवडी बाजारात विकायच्या होत्या. शिंप्यांकडची चिंधी, बोहारणींकडचे जुने कापड आणि दोऱ्याची रिळे यांसाठी बाराशे रुपये हवे होते. ग्रामसेवकाने अर्ज भरून दिला होता. ‘यंत्रसामग्री’ या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते: सुया, पाच.

आम्ही हसलो. मी आणि माझा सहकारी, दोघेही. वाईट हेतूने नव्हे हो, पण हसलो. मग मी अर्जावर शेरा मारला, ‘योजना अव्यवहार्य, मालास बाजारपेठ नाही’, आणि तिला समजावून सांगितले की घरोघर बायका वाकळा फुकट शिवतात, विकत कोण घेणार? त्यापेक्षा शेळ्या घ्या. शेळ्यांचा प्रकल्प छापील होता. किती शेळ्या, किती करडे, किती उत्पन्न, सगळे आकडे तयार. तिने एकदा विचारले, “साहेब, शेळ्या पाहणार कोन? मी तं रोजानं जातो.” मी म्हणालो, होईल सगळे. कर्ज मंजूर झाले, अनुदान जमा झाले, आमचा एक आकडा वाढला. पुढच्या पावसाळ्यात शेळ्या रोगाने गेल्या. विम्याचा दावा करायला कानातला बिल्ला लागतो. तो तिने आणला नाही, आणि तो आणायचा असतो हे तिला कोणी नीट सांगितले होते का, ते आज मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की वसुलीच्या नोटिशीवर सही माझी होती.

नोटीस मिळाल्यावर ती शाखेत आली. काखेत गाठोडे. काउंटरवर तिने एक वाकळ उलगडली आणि म्हणाली, “पैशे नाहीत. ही जमा करून घ्या.” बँकेच्या कोणत्याही पुस्तकात वाकळ जमा करून घ्यायची सोय नव्हती. रांगेतले लोक बघत होते. मी खिशातून पन्नास रुपये काढले, वाकळ विकत घेतली आणि त्या पन्नास रुपयांची पावती तिच्या कर्जखात्यावर फाडली. त्या वेळी मला स्वतःचा चांगुलपणा वाटला होता. मालास बाजारपेठ नाही असा शेरा मारणारा अधिकारीच तिचा पहिला गिऱ्हाईक झाला, ही गंमत लक्षात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. तिचे उरलेले कर्ज १९९० च्या केंद्र सरकारच्या कर्जमाफीत गेले. दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली होती, तीत हे कुठेतरी कोपऱ्यात. तोवर माझी बदली झालेली होती.

कोणी म्हणेल, तेव्हा काळच तसा होता. होता खरा, पण सगळ्यांचाच नव्हता. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालीच स्थापन झाले होते, आणि बायकांच्या गटांना उद्योगासाठी हात द्यावा म्हणून ‘ड्वाक्रा’ योजना १९८२ पासून काही जिल्ह्यांत सुरू होती. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला आणि पुढे त्याच गटांची परतफेड बघून आमच्यासारख्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आज मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावोगावच्या गटांच्या बायका आपला माल घेऊन ताठ मानेने बसतात. पुण्यात एका प्रदर्शनात मी हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत विचारली. हजारांतला आकडा ऐकून आमची सौ. माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुढच्या दुकानाकडे वळलो.

निवृत्तीनंतर एका दुपारी मी ती पन्नास रुपयांची वाकळ माळ्यावरून काढली आणि टेप घेऊन मोजायला बसलो. हिशेबाची खोड जात नाही. लांबी सहा फूट, रुंदी साडेचार. म्हणजे बहात्तर इंच गुणिले चोपन्न. दोन घेरांत अंतर अर्धा इंच. एवढी जागा भरायला ७,७७६ इंच शिवण चालली. इंचाला टाके चार. म्हणजे ३१,१०४ टाके. प्रत्येक टाका पाच थरांतून. मी गुणाकार पुन्हा करून पाहिला. बरोबर होता. ३१,१०४ टाक्यांना पन्नास रुपये. आणि तेही बँकेनेच परत घेतले.

या विषयावर मिळेल ते वाचताना मला अमेरिकेतल्या एका खेड्याचा पत्ता लागला. अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात सापडलेले, तीन बाजूंनी पाणी असलेले गीज बेंड. पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांची वस्ती. १९३२ साली तिथल्या लोकांना उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या बायकोने एका फटक्यात सगळी वसुली काढली. धान्य, जनावरे, अवजारे, सगळे ओढून नेले. (सावकार गेला की त्याचे खाते अधिक कडक होते, हा अनुभव सातासमुद्रापारही सारखाच म्हणायचा.) हे वाचताना माझी ती नोटीस मला आठवली. त्या गावच्या बायका थंडीसाठी नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयांत चित्रांसारख्या भिंतींवर लागल्या, आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. त्यांतली एक गोष्ट मनातून जात नाही. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा १९४२ साली वारला. तिने त्याचे शेतातले कपडे, गुडघ्यावर झिजलेले, डागाळलेले, उसवून त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे म्हणून.

मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण हे मी आमच्या ओसरीवर पाहिले होते.

बाबा अडत्याकडे मुनीम होते. पांढरे धोतर, पांढरी पैरण, खिशावर शाईचा एक कायमचा डाग. १९९४ च्या श्रावणात ते गेले. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हतीच. अंगणात गवळणी नाहीत, आकाशकंदील नाही. मोळाच्या दिवट्या घेऊन गुराखी पोरे आली तीही आमच्या दारावरून पुढे गेली. मी चार दिवसांच्या रजेवर आलो होतो. ओसरीवर पाहतो तर माय पांढरीशुभ्र वाकळ घालून बसलेली. वर पांढरे, खाली पांढरे. मधे फक्त एका ठिकाणी तो शाईचा डाग, तो तिने कापून टाकला नव्हता.

मला ते बघवले नाही. मी म्हणालो, “माय, काय हे? लोक काय म्हणतील? मी उद्या जालन्याहून चांगलं ब्लँकेट आणतो.” आणि खरोखरच आणले. लाल, फुलाफुलांचे, झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले. मायने ते हातात घेतले, चाचपले, आणि पिशवीसकट घडवंचीवर ठेवून दिले. एवढेच म्हणाली, “तुह्या बँकेत लई हिशेब असतीन रे. ह्यो माह्याकडं राहू दे.” २००८ साली ती गेली तेव्हा ते ब्लँकेट त्याच पिशवीत होते.

आता आमच्या भागातल्या बायकांच्या बोटांना वेगळे काम लागले आहे. इथून जवळच्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि ते गाव बियाण्यांची पेठ झाले. गेल्या काही वर्षांत आमच्या आणि सिंदखेड राजा तालुक्यात जिकडे पाहावे तिकडे शेडनेट उभी राहिली आहेत. मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बीजोत्पादन. कळी उमलायच्या आत बारीक चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, मग नराच्या फुलाचा पराग तिच्यावर नेमका टेकवायचा. बायका याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. नजर हलली की कळी गेली. हे काम करणाऱ्या बाईच्या बोटांकडे पाहिले की ओळख पटते. तीच पकड, तोच श्वास रोखणे. फरक इतकाच की याची रोजची मजुरी हातात पडते. वाकळ मागे पडली याचे मला म्हणूनच नुसते दुःख करता येत नाही. शिवाय आता जुने कापड म्हणजे सिंथेटिक साड्या. त्यांची वाकळ रात्रभर अंगावरून घसरते आणि सकाळी पायापाशी सापडते.

गेल्या दिवाळीत पुण्याची नात आठ दिवस राहिली. तिने माळ्यावरून ती पांढरी वाकळ शोधून काढली आणि हट्ट धरला, “आजोबा, मला हे शिकायचंय.” घरात शिकवणारे कोणी नाही, सौ.चा हात स्वेटरचा. शेवटी शेजारची एक बाई बोलावली. दिवसभर शेडनेटमध्ये क्रॉसिंग, रात्री जेवणे उरकून ती आमच्याकडे आली. तिने नातीला काही सांगायच्या आधी वाकळ उलटीसुलटी केली, कडेपासून आतपर्यंत बोट फिरवत नेले, पुन्हा कडेशी आणले. मग मला विचारले,

“काका, आजीचा हात डावा व्हता काय?”

मी म्हणालो, नाही बुवा. जेवायची तर उजव्याने.

“जेवायला समदेच उजवा वापरतेत. सुई डाव्या हाताची हाय ही. घेर पाहा ना, उलटा फिरलाय.”

तिने माझे बोट धरल्यासारखे करून मला तो घेर दाखवला. मी ती पन्नास रुपयांची वाकळ आणली, शेजारी अंथरली. एकीचे टाके एका अंगाने मध्याकडे गेलेले, दुसरीचे दुसऱ्या. मी ओसरीवर दर आश्विनात मायच्या समोर बसून अभ्यास केला होता. मला लुगड्यांचे रंग आठवत होते, दगड आठवत होते, पोळीचा तुकडा आठवत होता. हात आठवेना.

रात्री उशिरा ताईला फोन लावला. ती सत्तरी ओलांडलेली. झोपेतून उठली असावी. मी विचारले. पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली,

“तुला माहीत नव्हतं?”